डावा डोळा

पोर्ट आर्थर, टेक्सास
सोमवार, १९ फेब्रुवारी २०२४

उलिस,

प्रिय वगैरे आज लिहीत नाही. काल फोनवर तू नुसतं "काय? काय?" करत राहिलास आणि शेवटी मी फोन आपटला. भात वाळवायच्या कारखान्यात चाळीस वर्षं काढून तुझे कान गेलेत हे मला माहीत आहे, पण सोयीचं तेवढं तुला बरोबर ऐकू येतं. म्हणून लिहून पाठवते. कागदाला "काय?" विचारून काही उपयोग नाही.

शनिवारी मी ओदिलला दवाखान्यात बघून आले. आई गेल्यावर जिने आपल्या दोघांना न्हाऊमाखू घातलं, ती आपली थोरली बहीण. चेहऱ्याची डावी बाजू इतकी सुजली होती की मी आधी दुसऱ्याच खाटेकडे वळले. केसांपासून नाकाच्या शेंड्यापर्यंत नागिणीचे फोड, डोळा पुरता चिकटलेला. उजेड सोसत नाही म्हणून पडदे ओढलेले, आणि उशी गालाला लागली तरी ती कळवळते. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, डावा डोळा वाचेल की जाईल हे आत्ता सांगता येणार नाही. मी विचारलं, औषध कधी सुरू झालं? म्हणाले, आठव्या दिवशी. ते पहिल्या तीन दिवसांत पोटात जायला हवं.

ते तीन दिवस कुठे गेले? शुक्रवार, शनिवार, रविवार तू तिची नागीण उतरवत होतास.

मी चौतीस वर्षं नर्स होते. पाठीवरची, पोटावरची नागीण तू खुशाल उतरव. ती तीन-चार आठवड्यांत आपली आपण सुकते आणि लोक तुझं नाव घेतात. पण नाकाच्या शेंड्यावर फोड आला की डोळ्याला धोका असतो, हे पहिल्या वर्षाची शिकाऊ पोरगी सांगेल. तू काय केलंस? कपाळावर हात ठेवलास, फ्रेंचमध्ये काहीतरी पुटपुटलास आणि घरी जाऊन जेवलास.

तिचा डोळा गेला तर तो तुझ्यामुळे गेला. हे मी लिहून देते आहे, जपून ठेव.

क्लेली


लान्स न्वार, लुइझियाना
रविवार, २५ फेब्रुवारी

क्लेली,

पत्र मिळालं. जपून ठेवलंय.

मी कोणाच्या दारात जाऊन "तुझी नागीण उतरवू का" म्हणत नाही. तसं करता येत नाही, हे तू या गावात जन्मून विसरली असशील तर गोष्ट वेगळी. ज्याला हवं त्याने निरोप धाडायचा. निरोप आला की मला जावं लागतं, मग रात्र असो की क्रॉफिश झिंगे धरायचे सापळे अर्धे उचललेले असोत. त्याचे पैसे नाहीत आणि कोणी आभारही मानायचे नाहीत. माझ्याआधी नागीण उतरवणाऱ्या तांत आझेलीमावशीने मरताना मला ते शब्द दिले तेव्हा याच अटींवर दिले. ओदिलने निरोप पाठवला. माझी बहीण आहे म्हणून नाही म्हणू?

मी गेलो तेव्हा ती मशीनवर होती. मार्दी ग्राचा सण चार दिवसांवर, सव्वीस पोशाख बाकी, झालरी सगळ्या खोलीभर. मी तिला म्हटलं होतं, डॉक्टरला दाखव. ती म्हणाली, मंगळवार होऊ दे. पुरुष मंगळवारी घोड्यांवर बसणार आणि तिचा शब्द गेलेला. ओदिलने एकदा ठरवलं की तिला कोण हलवतं ते तू मला सांग. तूच दोन वर्षांपूर्वी तिला घर विकून टेक्सासला चल म्हणून हलवायला गेली होतीस. काय झालं? तेव्हापासून तुमचं बोलणं बंद. दोन वर्षं तुला तिच्या पायरीवर पाय ठेवायला सवड नव्हती, आणि आता तू मला शिकाऊ पोरींचे दाखले देतेस.

गुरुवारी तिला दवाखान्यातून सोडलं. मी माझ्याकडेच आणलंय. फोड सुकताहेत. डोळ्यात तीन तऱ्हेचे थेंब घालायचे, ते मी घड्याळ लावून घालतो. उघडल्यावर तिला धुकं दिसतं म्हणते. डॉक्टर म्हणतात थांबा.

तुझं नाव काढलं की ती विषय बदलते.

उलिस


पोर्ट आर्थर
शनिवार, २ मार्च

उलिस,

"डॉक्टरला दाखव" म्हटलंस. कुठे उभा राहून? टोपी डोक्यावर चढवता चढवता, दारातून बाहेर पडताना, जमिनीकडे बघत? मी तुला ओळखते. ज्या माणसाचे शब्द ऐकून सगळा गाव गप्प बसतो, त्याला एका बहिणीला गाडीत घालता येत नाही?

आणि खरं दुखणं याच्याही आधीचं आहे. नागिणीची लस निघून इतकी वर्षं झाली. पन्नाशीनंतर प्रत्येकाने घ्यायची, दोन सुया, मध्ये दोन ते सहा महिने. म्हाताऱ्यांना तर आता ती फुकट मिळते. तुमच्या चर्चसमोरच्या औषधाच्या दुकानात ती आहे. मी त्या दुकानदाराला फोन केला. म्हणाला, ओदिलबाईंना मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा त्या हसल्या आणि नको म्हणाल्या. का नको, ते सांगायला तयार नाही. आजाऱ्याची गोष्ट आहे म्हणे, बाहेर सांगता येत नाही.

त्याने सांगायची गरजच नाही. नागीण उतरवणारा भाऊ हाकेच्या अंतरावर असताना सुई कोण टोचून घेईल? तुझ्या ओट्यावर लोक न बोलता अंजिराच्या मुरंब्याच्या बरण्या ठेवून जातात, कोंबड्या बांधून जातात, ते बघत ती जगली. तू तिला लस घेऊ नको असं म्हणाला नसशील. तुला म्हणावंच लागलं नाही. तू नुसता तिथे होतास, तेवढं पुरलं.

आणि एवढं सगळं होऊन परवा तू कुणाकडे तरी पुन्हा हात ठेवायला गेला होतास, हेही मला कळलंय. लाज कशी वाटत नाही.

क्लेली


लान्स न्वार
शनिवार, ९ मार्च

क्लेली,

हे मी तुला सांगणार नव्हतो. ओदिलने मला शपथ घातली होती. पण लाज काढायचीच आहे, तर सगळ्यांची निघू दे.

ती दुकानदाराला काय म्हणाली ते मला माहीत आहे, कारण दुसऱ्या वेळी मी तिच्याबरोबर होतो. ती हसून म्हणाली, "माझी बहीण नर्स आहे. तिने मला केव्हाच टोचून आणलंय." मग तिने प्रार्थनेच्या पुस्तकातून कार्ड काढून दाखवलं. २०१२ सालचं, तुमच्या पोर्ट आर्थरच्या दुकानाचं. मागे तुझं अक्षर आहे. "झालं. आता जन्मभर बघायला नको." तुझं अक्षर मी ओळखतो, ही दोन पत्रं ठेवून घेतली नसती तरी ओळखलं असतं.

दुकानदार म्हणाला, बाई, ती जुनी लस, ती आता बंद झाली, तिचा जोर थोडी वर्षंच टिकतो. नवी घ्या. ओदिल म्हणाली, "मग क्लेलीला विचारून सांगते."

तेव्हा तुमचं बोलणं बंद होतं. म्हणून तिने विचारलं नाही. आणि मी काहीतरी सुचवलं, तर म्हणाली, तुला यातलं काय कळतं, तू नर्स आहेस का?

माझ्या शब्दांवर भरवसा ठेवून ती थांबली नव्हती, बाई. तुझ्या शब्दावर थांबली होती. ते कार्ड अजून त्या पुस्तकात आहे. येऊन बघ.

डोळा आहे तसाच. परवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला.

उलिस


पोर्ट आर्थर
बुधवार, ३ एप्रिल

उलिस,

तीन आठवडे मी कागद घेऊन बसायचे आणि उठायचे.

कार्ड मला आठवतं. मी तिला मुद्दाम गाडी पाठवून आणवलं होतं, कोळंबी खायला घातली, आणि लस देऊन आणली. तेव्हा एकच लस होती आणि ती चांगली वाटत होती. मी तसं लिहिलं कारण ती सारखी विचारत होती, पुन्हा घ्यावी लागेल का, पुन्हा घ्यावी लागेल का. तिचं तोंड बंद करायला लिहिलं.

पुढचं तू विचारलं नाहीस, मीच सांगते. २०१९ मध्ये निवृत्त व्हायच्या आधी रुग्णालयाने आम्हा सगळ्यांना ओळीने उभं करून नवी लस दिली. दोन्ही सुया. दंड दुखला, एक दिवस ताप आला, आणि अंथरुणात पडल्या पडल्या मी स्वतःशी म्हटलंही होतं की ओदिलला सांगायला हवं. भांडण झालं ते २०२२ मध्ये. मध्ये तीन वर्षं होती. दर रविवारी आम्ही फोनवर बोलत होतो. पडद्यांच्या कापडावर तासभर बोललो असू. लशीचं राहून गेलं. ती माझी नुसती बहीण नाही, माझी नानन आहे, धर्माची आई. बाप्तिस्म्याला मला हातात घेऊन उभी राहिलेली दहा वर्षांची पोर. आणि मला नागीण होऊ नये ही व्यवस्था झाली, तिची राहून गेली.

एवढं लिहिल्यावर तुझ्यावर रागावायचा मला हक्क उरला नाही असं तुला वाटेल. मलाही वाटलं होतं. तरीही राग आहे. फक्त तुझी बाजू मी आता अशी लावते: तुझा निदान विश्वास तरी आहे. तुला वाटतं की तुझ्या शब्दांनी नागीण उतरते, आणि ज्याला खरंच तसं वाटतं त्याला डॉक्टर कशाला सुचेल? मला माहीत असून मी चुकले. तुला माहीतच नव्हतं. त्यासाठी मी तुला माफ करायचा प्रयत्न करते आहे.

तिला सांग मी येते म्हणून. नाही तर नको सांगू, मीच बघीन.

क्लेली


लान्स न्वार
बुधवार, १० एप्रिल

क्लेली,

मला माफ करू नकोस. त्या कारणासाठी तर नकोच.

मी लस घेतली आहे. दोन्ही सुया. पहिली २०२१ च्या ऑक्टोबरात, दुसरी पुढच्या जानेवारीत. चाळीस मैलांवरच्या गावात जाऊन घेतली, जिथे मला कुत्रंही ओळखत नाही. गाडीसुद्धा दुकानाच्या मागच्या बाजूला लावली.

तीस वर्षं मी लोकांच्या अंगावर हात ठेवतोय. सुताराला सदरा अंगाला लागला म्हणून लहान मुलासारखं रडताना पाहिलंय. तुला कळणार नाही किती पाहिलंय ते, तुम्ही त्यांना औषध देऊन दुसऱ्या खाटेकडे जाता. मला भीती वाटली. माझ्या शब्दांवर माझा विश्वास आहे, पण स्वतःला स्वतः उतरवता येत नाही. हे मी मलाच सांगितलेलं कारण. खरं कारण भीती.

आणि सांगितलं नाही, कारण नागीण उतरवणारा स्वतः नागिणीची सुई घेऊन आला हे कळल्यावर मला निरोप कोण धाडणार? लोक हसले असते. मी गेल्यावर हे शब्द कोणाला द्यायचे तेही ठरवून ठेवलंय, तो मुलगाही हसला असता.

पहिल्या सुईनंतर माझा दंड इतका दुखत होता की सापळे उचलवेनात. ओदिलने पाहिलं. मी म्हटलं होडी ओढताना स्नायू ताणला. तिने संध्याकाळी कापराचं तेल गरम करून आणलं आणि त्याच दंडाला अर्धा तास चोळलं. सुईची जागा तिच्या बोटाखाली होती. तेव्हा एवढं म्हणायचं होतं, ओदिल, उद्या तूही जाऊन ये. मी घेतलीय म्हटल्यावर ती गेली असती. तुझं नर्स म्हणून जितकं ऐकायची, तितकंच माझं या बाबतीत ऐकलं असतं, कारण नागिणीबद्दल मी खोटं बोलणार नाही असं तिला वाटतं.

हे तू आता काय करशील ते कर.

उलिस


पोर्ट आर्थर
रविवार, १४ एप्रिल

उलिस,

मी विसरले. तू लपवलंस. विसरणं वाईट आहे, मला ते रोज खातं. पण तिच्या हातून तेल चोळून घेत तू तोंडात मूग गिळून बसलास, आणि पुढे दोन वर्षं दर रविवारी तिच्या टेबलावर गम्बोचा रस्सा ओरपलास. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला उघड्यावर ठेवलंस, कारण गाव हसेल.

मला तुझ्याशी बोलायचं नाही. डोळ्याचं काय होतं ते मी दवाखान्यात विचारीन. मला पत्र लिहू नकोस.

क्लेली


लान्स न्वार
सोमवार, २२ एप्रिल

उलिस आणि क्लेली,

हे एकच पत्र आहे. उलिस, तू वाच आणि मग क्लेलीला पाठव. एका डोळ्याने लिहिते आहे, ओळी वर-खाली गेल्या तर गेल्या.

पत्रं मी वाचली. उलिसने ती, स्वतःच्या पत्रांच्या कच्च्या खर्ड्यांसकट, कॉफीच्या रिकाम्या डब्यात ठेवली होती. तू सात वर्षांचा असतानाही सगळं त्याच डब्यात लपवायचास, उलिस, आणि तेव्हाही मला सापडायचं. भिंग घेऊन दोन दिवस वाचत होते.

काय तुमचं भांडण. माझ्या डोळ्याचा दोष तुम्ही दोघांनी अर्धा-अर्धा वाटून घेतलात, आता अर्धा कोणाचा मोठा यावर जुंपली आहे. मला शिंतोडाही ठेवला नाहीत. मी काय खुराड्यातली कोंबडी आहे, कोणीतरी दार लावायला विसरलं आणि कोल्ह्याने नेली?

मार्दी ग्राआधीच्या शनिवारी सकाळी आरशात नाकावरचा फोड मला दिसला होता. आपल्या लहानपणीच्या पाद्रीबाबांचा डोळा असाच गेला होता, तुम्ही लहान होतात, मी नव्हते. मला माहीत होतं. मी त्यावर पावडर लावली आणि मशीनवर बसले. उलिस डॉक्टरला दाखव म्हणाला, हो, दारातून बाहेर पडतानाच म्हणाला, क्लेलीने बरोबर ओळखलं. पण तो मोठ्याने म्हणाला असता तरी मी गेले नसते. मला सव्वीस पोशाख पुरे करायचे होते. गेली बावन्न वर्षं एकाही माणसाला मी मंगळवारी पोशाखाशिवाय घोड्यावर बसू दिलेलं नाही. मी मनाशी म्हटलं, डोळा सणाच्या दुसऱ्या दिवसापर्यंत, राखेच्या बुधवारपर्यंत थांबेल. ही माझी चूक. ती मी तुम्हाला देणार नाही.

कार्डाचंही ऐक, क्लेली. "विचारून सांगते" म्हटलं आणि विचारलं नाही. फोन माझ्या भिंतीवरही आहे. तू आधी करावास म्हणून मी दोन वर्षं त्याच्याकडे बघत बसले.

आता तुमचं. तू विसरलीस याचा मला राग आहे. उलिसने लपवलं याचा जास्त आहे. त्या संध्याकाळी तेल चोळताना मी तुझ्यासाठी जपमाळ म्हणत होते, उलिस. दंड बरा होऊ दे म्हणून.

गेल्या सोमवारचं क्लेलीला माहीत नाही, म्हणून लिहिते. शेजारची एमेरांत कंबर धरून आली. फोड आदल्या दिवशी आलेले. म्हणाली, "उलिस, जरा ये." हा टोपी घ्यायला उठला. मी म्हटलं, आधी तिला सांग. हा जमिनीकडे बघत राहिला. मी म्हटलं, कोणी मागितल्याशिवाय उतरवायचं नाही असा नियम आहे ना तुझा? विचारल्याशिवाय खरं बोलायचं नाही असा नियम कुठे आहे? मग मीच सांगितलं, एमेरांत, तुझ्यावर हात ठेवणाऱ्याने स्वतः दोनदा सुई टोचून घेतली आहे, आणि हा बघ माझा डोळा. पट्टी काढून दाखवली. ती तिथेच पायरीवर बसली. त्यानंतर उलिसने तिला गाडीत घातलं, डॉक्टरकडे नेलं, आणि तिथे बाकावर बसून शब्दही म्हटले. दोन्ही झालं. तिच्या कमरेचे फोड आता सुकताहेत. गावात बोलताहेत. कोणी हसलेलं मी तरी ऐकलं नाही.

डॉक्टर म्हणतात मला हे पुन्हाही होऊ शकतं. सगळं शांत झालं की लस घे म्हणाले. जूनमध्ये मी चर्चसमोरच्या दुकानात जाणार आहे. रविवारी, मिस्सा सुटल्यावर, सगळे बाहेर उभे असताना. तुम्ही दोघं माझ्याबरोबर चालायचं. उलिस एका बाजूला, क्लेली दुसऱ्या बाजूला. कोणी विचारलं तर उलिसने स्वतःच्या तोंडाने सांगायचं की त्याने कधी घेतली आणि कुठे. क्लेलीने सांगायचं की जुनीवर विसंबू नका, मीच चुकीचं लिहून दिलं होतं.

आणखी एक. मी पण या घरचीच, म्हणून माझंही लपवलेलं सांगून टाकते. गेल्या मंगळवारी उलिस बाहेर गाडीत बसला होता तेव्हा डॉक्टरांनी मला आत सांगितलं. डोळा गेला. बुबुळ पांढरं पडलंय आणि खालची नस मेली आहे, दुसऱ्याचं बसवलं तरी ते धरणार नाही. मी बाहेर येऊन म्हटलं, पुढच्या महिन्यात बोलावलंय. सहा दिवस झाले. तुम्ही एकमेकांना फाडून खात होतात, मध्ये कुठे सांगू?

मला रडायचं होतं ते मी रडले. त्या डोळ्यातूनही पाणी येतं.

राग गेला की मी सांगेन. तोवर कोणी विचारू नका, आणि एकमेकांना माफही करू नका, तुमचं तुम्हाला ते जमत नाही. क्लेली, तू शुक्रवारी ये. दार उघडंच असेल. येताना उजवीकडून ये, डावीकडून कोणी आलं की मी दचकते.

ओदिल